उजवा म्हणजे कोणाचा उजवा

देव आहे की नाही, या विषयावर आमच्या घरात सदतीस वर्षं भांडण चालू आहे आणि त्यात माझी बाजू बरोबर आहे. हे आधीच सांगून ठेवतो. मी मूळचा शनिवार पेठेतला. समोरच्याचं चुकतंय हे आधी सांगायचं आणि मग तो काय म्हणतोय ते ऐकायचं, अशी आमच्याकडे पद्धत. बायको सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिच्याकडे मुळात ऐकून घ्यायचीच पद्धत नाही, त्यामुळे संसार बरा चालला.

मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होतो. काम सोप्या भाषेत सांगायचं तर असं, की माल तयार झाला की त्यातले थोडे नग उचलायचे आणि उडवून बघायचे. ठरल्याप्रमाणे उडाले, तर उरलेल्या मालावर पासचा शिक्का मारायचा. तीसेक वर्षं हे केलं की कोणी काहीही चांगलं म्हटलं तरी तोंडातून आपोआप "कशावरून?" असं निघतं. बघण्याच्या कार्यक्रमात सासरे म्हणाले, "मुलगी स्वयंपाकात हुशार आहे," तेव्हा नोकरीला दोनच वर्षं झाली होती, तरी मी हेच विचारलं होतं. तो विषय तिच्या माहेरी अजून निघतो.

एकदा माझं काम मी तिला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे जे तपासलं ते उडून गेलं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि जे सैनिकाच्या हातात दिलं ते तपासलंच नाही?"

"तसं नाही गं, त्याच्यामागे सगळं शास्त्र असतं..."

"असू दे की. पण न बघताच विश्वास ठेवलात ना? मग मला कशाला बोलता?" असं म्हणून तिने मेथीची दुसरी जुडी माझ्याकडे सरकवली. मी ती निवडली. उत्तर मला दुसऱ्या दिवशी कामावर सुचलं, पण तेव्हा उपयोग नव्हता.

निवृत्तीनंतर आम्ही शहराबाहेर मांजरी गावात एका नव्या सोसायटीत राहायला आलो आणि मला वेळच वेळ झाला. मी म्हटलं, आता हा विषय एकदाचा तडीस नेऊ. बाल्कनीत कढीपत्त्याच्या दोन सारख्या कुंड्या ठेवल्या. माती तीच, पाणी तेवढंच. तिने रोज एकाच कुंडीसाठी देवाजवळ मागायचं, दुसरीचं नावही काढायचं नाही. तीन महिन्यांनी कोण किती वाढलं ते मोजायचं. पहिल्या आठवड्यातच मी तिला रंगेहाथ पकडलं. दुसऱ्या कुंडीसमोर उभी राहून ती पुटपुटत होती.

"अगं, त्या कुंडीसाठी मागायचं नाही असं ठरलंय ना!"

"त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?" ती म्हणाली. प्रयोग संपला. कढीपत्ता दोन्ही कुंड्यांत उत्तम आला आणि त्याचं श्रेय कोणाला द्यायचं हे आजतागायत ठरलेलं नाही.

तिच्या माहेरी कोणतीही मोठी गोष्ट करायची तर कौल लावतात. देवाच्या दोन खांद्यांवर ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, हात जोडून प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको म्हणाला. ही पद्धत ती माहेराहून वीतभर पितळी देवासकट घेऊन आली. मुलीची कॉलेजची शाखा, हा फ्लॅट, इतकंच काय, माझं स्कूटर सोडून गाडी शिकणं, सगळं याच मार्गाने मंजूर झालेलं. मी दर वेळी बाजूला उभा राहून गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान द्यायचो. ती म्हणायची, "बोला तुम्ही, तो नाही लक्ष देत."

आणि मग गेल्या भाद्रपदात माझ्या छातीत भरून आलं. जिन्यात. लिफ्ट बंद होती म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने बोंबलत वर चढत होतो. पाचव्या मजल्यावर बोंबलणं आपोआप थांबलं. तपासण्या झाल्या, मनगटातून तार घालून पडद्यावर बघणं झालं, आणि डॉक्टरांनी तीन ठिकाणी अडथळा आहे, बायपास करावी लागेल, फार दिवस थांबू नका, असं सांगितलं. ते इतके तरुण होते की त्यांनाच मी आधी "कशावरून?" विचारलं. त्यांनी चित्र दाखवलं. पुरावा बिनतोड होता.

सरळ लिहितो. मी घाबरलो. छाती उघडतात, हृदय थांबवतात आणि काम झालं की पुन्हा चालू करतात, हे त्यांनी जितक्या सहज सांगितलं तितकं ते मला सहज घेता आलं नाही. आमच्या कारखान्यात एकदा उघडलेला नग पुन्हा कोणी वापरात पाठवत नसे. पण भीती वाटते असं म्हणायची आमच्या पेठेत सोय नाही, म्हणून मी हरकती काढायला लागलो. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ. पाऊस संपू दे. आणि शेवटी, मला अजून लाज वाटते, मी म्हणालो, "पितृपंधरवडा चालू आहे, आत्ता कशाला?"

बायको पोळी लाटता लाटता थांबली. "तुम्ही कधीपासून मानायला लागलात पितृपंधरवडा?"

"मी नाही मानत. लोक मानतात."

"लोकांच्या छातीत कळ नाही आलेली," ती म्हणाली आणि तिने पुढच्या शुक्रवारची तारीख घेऊन टाकली. मी म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, जावं लागेल. दोन दिवस घरात याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली आणि युक्ती सुचली की मी फार गोड बोलतो.

"हे बघ," मी म्हणालो, "एवढी मोठी गोष्ट आहे, तर तुझ्या देवालाच विचारू या. रीतसर. उजवा कौल आला तर मी मुकाट्याने जातो. डावा आला तर विषय बंद."

ती लगेच तयार झाली. तिला खात्री होती की देव हो म्हणणार. मला खात्री होती की पाकळी ही पाकळी आहे, कुठूनही पडेल, म्हणजे सुटायची निम्मी निम्मी आशा. एवढी आशा मला कोणत्याही डॉक्टरने दिली नव्हती.

"पण तपासणी माझ्या पद्धतीने," मी म्हणालो. "आधी ठरवायचं, मग बघायचं. निकाल लागल्यावर पळवाटा नाहीत. आणि त्रयस्थ साक्षीदार हवा."

साक्षीदार म्हणून मी समोरच्या इमारतीतल्या मित्राला बोलावलं. खडकीला आम्ही एकाच विभागात होतो. नोंदवहीत खाडाखोड दिसली की जेवणावरून उठणारा माणूस. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. माझं म्हणणं, तो माझ्या बाजूचा. त्याचं म्हणणं, "मला कोणाच्या बाजूला ओढू नका. आमच्याकडे हा विषय वडिलांनीच मिटवला. तुम्ही दोघं अजून त्यात अडकलाय म्हणून मी फक्त वही घेऊन येतो."

रविवारी सकाळी तो वही घेऊन आला. नियम ठरवायला पाऊण तास लागला. पंखा बंद, खिडक्या बंद. दोन्ही पाकळ्या एकाच शेवंतीच्या, एकाच मापाच्या. त्या मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या, तर काट्याने दोघींचीही दखल घेतली नाही. मी म्हटलं, पाच वेळा लावू, तीन वेळा जे येईल ते खरं. बायको भडकली. "देवाला एकदाच विचारायचं असतं. तो काय तुमच्यासारखा आहे, पाच वेळा सांगावं लागायला?" मित्राने "एकदाच" असं लिहून घेतलं.

मग मी माझ्या मते सर्वांत मोलाचा मुद्दा काढला. "उजवा म्हणजे कोणाचा उजवा? बघणाऱ्याचा की देवाचा?"

"देवाचा," ती म्हणाली. "हे काय विचारणं झालं?"

"लिहून ठेवलेलं बरं," मी म्हणालो. मित्राने लिहिलं.

"आणि निकाल उलटा लागला तर देव नाही हे तू मान्य करशील का?"

"सुलटा लागला तर आहे हे तुम्ही कराल का?"

मित्राने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

तिने देवाला पाटावर ठेवलं, पाकळ्या पाण्यात बुडवून दोन खांद्यांवर चिकटवल्या, डोळे मिटले आणि मोठ्याने विचारलं, "यांचं ऑपरेशन शुक्रवारी करू का?" आम्ही बसलो. पंखा बंद. घामाच्या धारा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मध्येच कुकरने फुरफुर सुरू केली, तशी मी उठून गॅस बंद केला, कारण शिट्टीच्या हादऱ्याने पाकळी पडली असती तर सगळी चाचणीच बाद झाली असती. "डाळ कच्ची राहील," ती डोळे न उघडता म्हणाली. राहिली.

आणि एक पाकळी घसरली, देवाच्या दंडावर क्षणभर अडली आणि पाटावर पडली.

"उजवी!" मित्र म्हणाला आणि त्याने लिहिलंसुद्धा.

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती देवासमोर वाकली. आता मुकाट्याने जायचं. मग माझं लक्ष गेलं, मित्र देवाकडे तोंड करून बसलाय.

"थांब! उजवी कोणाची?"

"म्हणजे?"

"तू कोणाची उजवी म्हणालास?"

त्याने देवाकडे बघितलं, मग स्वतःच्या दोन हातांकडे बघितलं. आयुष्यभर नोंदी बरोबर करणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पडला. "माझी," तो म्हणाला.

"म्हणजे देवाची डावी! डावा! डावा कौल!" मी उठून ओरडलो. "नियम लिहिलाय! देव नको म्हणालाय! स्पष्ट नको म्हणालाय!" देवाच्या वतीने एवढा आवाज मी जन्मात काढला नव्हता.

मित्राने पेनचं टोपण उघडं ठेवून शांतपणे विचारलं, "म्हणजे तू देव मानतोस, अशी नोंद करू का?"

मी खाली बसलो. पण हट्ट सोडला नाही. ठरलं ते ठरलं म्हणालो. मित्र बायकोकडे वळला. वही तिच्यापुढे धरली. "वहिनी, शाईत उजवी लिहिलं गेलंय. खाडाखोड मी आयुष्यात केलेली नाही. तुमची हरकत नसेल तर तसंच राहू दे." तीस वर्षांत त्या माणसाने कोणासाठी नियम वाकवला नव्हता. तो आमच्यासाठी वाकवायला निघाला होता. मला त्याचा राग आला आणि त्याला मिठीही मारावीशी वाटली, दोन्ही एकदमच.

"नको भाऊजी," बायको म्हणाली. "डावी ती डावी. खोटं नका लिहू."

तिने देवाकडे एकदा बघितलं. मग पदराला हात पुसले, फोन उचलला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. "हो, शुक्रवारच. गुरुवारी दुपारी दाखल होतो आम्ही."

"अगं!" मी म्हणालो. "देव नको म्हणाला ना?"

"म्हणाला."

"मग?"

"त्याला काय कळतंय हृदयातलं?"

मी थक्क झालो. सदतीस वर्षं मी हिला जे सांगत होतो ते हिने एका वाक्यात उरकलं होतं. "मग झालंच की! त्याचं ऐकायचंच नसेल तर तो आहे असं म्हणायचं कशाला?"

"मी तुमचं तरी कुठं ऐकते?" ती म्हणाली. "म्हणून तुम्ही नाही असं म्हटलंय का मी कधी?"

मित्राने वहीवरून डोळे वर केले नाहीत, पण त्याचे खांदे हलत होते. "वहिनी, निकाल काय लिहू?"

"शुक्रवार लिहा," ती म्हणाली आणि डाळ बघायला गेली.

मी जायचं कबूल केलं. दुसरं काय करणार? देवाची परवानगी नसताना घेऊन निघालेल्या बाईसमोर माझी काय टाप! पण सोमवारपासून मला घरात एक गोष्ट खटकायला लागली. बायको रोज पूजा करताना देवाशी गप्पा मारते. पाणी आलं नाही, वांगी किती महाग झालीत, यांनी आज कोणाशी भांडण काढलं, सगळं त्याच्या कानावर घालते. ते बंद झालं. आंघोळ घालायची, पुसायचं, फूल ठेवायचं, उठायचं. तोंडातून चकार शब्द नाही. मंगळवारीही तेच. बुधवारी मी विचारलं, तर म्हणाली, वेळ नाही. आणि मग टीव्हीसमोर तासभर बसली. टीव्ही चालू करायचंही तिला सुचलं नव्हतं.

गुरुवारी बॅग भरताना मी गंमत म्हणून म्हटलं, "काय, अंगारा नाही का बांधून द्यायचा या वेळी?"

ती माझ्या बनियनच्या घड्या घालत होती. त्याच घड्या दोनदा घातल्या. "कोणत्या तोंडाने मागू?" ती म्हणाली. "त्याने नको म्हटलं होतं. मी माझ्या जोरावर चाललेय. आता बरंवाईट झालं तर माझंच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे गाढवा, मी स्वतःला म्हणालो, तुला एकच भीती आहे, सुरीची. हिला सुरीची आहेच, वर जन्मभर ज्याला मानलं त्याचा शब्द मोडल्याची आहे. आणि त्याच्याकडेच जाऊन रडायची सोयही मी काढून घेतली होती. माझ्या एका युक्तीपायी. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी म्हणालो, "टूथब्रश घेतलास का?" तिने घेतला होता.

शुक्रवारी सकाळी मला आत नेलं. बायको दारापर्यंत आली. मित्र तिच्यामागे, वही न घेता. तो नंतर मला म्हणाला की साडेपाच तास वहिनी खुर्चीत ताठ बसून होत्या. शेजारच्या बायका जप करत होत्या, एकीने आपली माळही पुढे केली. हिने घेतली नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत.

आत थंडी होती. डोक्यावर दिवे, भोवती मास्क लावलेली माणसं, कोणीतरी म्हणालं, काका, आता झोप येईल. मला बाहेरची ती खुर्ची दिसायला लागली. मग मी जे केलं ते या वयात लिहायला अवघड जातंय. मी मनातल्या मनात, शुद्ध मराठीत, म्हणालो: हे बघा, आपली ओळख नाही. तुम्ही नसलात तर प्रश्नच मिटला. पण असलात तर तिच्यावर राग धरू नका. उजव्या-डाव्याचा सगळा घोळ माझा आहे. तिने तुमचं ऐकलं नाही ते माझ्यासाठी, आणि ती कोणाचंच ऐकत नाही हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. तिच्याशी बोलत राहा.

शुद्धीवर आलो तेव्हा ती समोर होती. डोळे सुजलेले. "झालं," म्हणाली, "सगळं नीट झालं." घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणावरून मला ऐकू आलं, ती देव्हाऱ्यासमोर बसून वांग्यांचा भाव सांगत होती, आणि मधेच, "चुकलास ना? मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली. मी कुशीवर वळून पांघरूण तोंडावर घेतलं, कारण टाके ताजे होते आणि हुंदका आवरत नव्हता.

आत मी काय बोललो ते तिला अजून सांगितलेलं नाही. पुरावा म्हणून वापरेल.